खोट्या उड्डाणाचा खरा धडा

घोडपदेवच्या चाळीतली चार मुले मिळून संगणकावर सामूहिक अंतराळ-उड्डाण योजतात असे ऐकले, की आम्हां मराठीच्या अध्यापकांत कुणीतरी ‘हा अनुभव खोटा’ असा निकाल देऊन मोकळे होते. कल्पित पात्रांच्या दुःखावर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्यांनी हा आक्षेप घ्यावा, याचे नवल वाटते.

मार्टिन श्वाइगर यांनी २००० साली आणलेली ‘ऑर्बिटर’ ही आज्ञावली पाहा. तिथे न्यूटनचे नियम कुणाची गय करत नाहीत. त्याच कक्षेत पुढे असलेल्या सोबत्याला गाठण्यासाठी वेग वाढवला, तर कक्षा उंचावते, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. तिथली फेरी लवकर पुरी होते. एकट्याने उडताना काळ हवा तसा पुढे पळवता येतो. चौघांनी उडायचे तर घड्याळ एकच हवे. गोविंदा पथकातल्या थरांप्रमाणे इथेही एकाची घाई सर्वांना भोवते.

अनुभवाचा खरेपणा तो कुठे घडला यावर ठरत नाही. त्याने कोणता नियम, कोणती जबाबदारी पत्करायला लावली, यावर ठरतो. या कसोटीला ती मुले उतरतात. आमची समीक्षा उतरते काय?