माग शिवेपर्यंत

गावातला खून ठाण्यात नोंदला जायच्या आधी पारावर उलगडलेला असतो. बांधावरून कुणाचं वाजलं होतं, पाण्याची पाळी कुणी मोडली, कुणाची सून माहेरी का जाऊन बसली, सगळं गावाला ठाऊक. फक्त पंच म्हणून सही कोण करणार ते कुणालाच ठाऊक नसतं. हवालदाराने पंचनाम्याचे कागद काढले, की इतका वेळ माना उंचावून बघणाऱ्यांना एकदम धारांची वेळ आठवते.

मग पुढे ढकलला जातो पोलीस पाटील. दौंड तालुक्यात यवत आणि केडगावच्या मधल्या खुटबावापासून भीमेच्या काठापर्यंत तुम्ही कुठल्याही गावात जा, हा माणूस सापडेलच. दहावी पास, नेमणुकीच्या वेळी वय पंचवीस ते पंचेचाळीसच्या आतलं, नेमणूक प्रांताची, आणि अट अशी की तो गावचाच रहिवासी हवा. इंग्रजांनी १८६७मध्ये मुंबई इलाख्यासाठी ग्राम पोलीस कायदा केला. बरोबर शंभर वर्षांनी, १९६७मध्ये, महाराष्ट्राने आपला केला. मधल्या काळात वतनाची पाटीलकी गेली, पण पाटलाचं काम तेच राहिलं. प्रेत सापडलं किंवा संशयास्पद मृत्यू झाला, तर आसपासची दोन-चार समंजस माणसं जमवायची, कारण शोधायचं, ठाण्याला लेखी कळवायचं. गुन्हेगार ठाऊक नसेल तर आधी आपणच चौकशीला लागायचं. कागदावर तो अर्धा फौजदार आहे. प्रत्यक्षात ठाण्याला फोन करणं, गर्दी मागे हटवणं आणि साहेबांच्या चहाचं बघणं, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. मानधन आधी साडेसहा हजार होतं. मार्च २०२४मध्ये सरकारने ते पंधरा हजार करायचं ठरवलं. उशिरा का होईना, बरं केलं.

तरी तपासात या माणसाला तोड नाही. बाहेरून आलेला अधिकारी विचारतो, "कुणाशी वैर होतं का?" सगळे माना हलवतात. पाटील काहीच विचारत नाही. मयताच्या दारात कोण आलं नाही, तेवढं तो बघून ठेवतो.

जुन्या काळी या मुलखात चोरी-दरोड्याचा माग रामोशी आणि जागले काढत. पावलं शिवेपर्यंत न्यायची आणि ती पलीकडे गेलेली दाखवून दिली, की जबाबदारी पुढच्या गावाची. माग पुढे नेता आला नाही तर भरपाईही त्याच गावाने द्यायची. गुन्हा कुणाचा हे ठरायच्या आधी तो कुठल्या गावाच्या गळ्यात हे ठरायचं. हिशेब कडक होता, आणि निरपराध गावालाही भुर्दंड बसत असणार. पण पुढे काय, हे विचारायला कुणीतरी बांधलेलं असायचं.

नदीला मात्र शीव नसते. आमच्याकडे भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. १८ जानेवारी २०२३ला दौंडच्या बाजूच्या पारगावच्या हद्दीत नदीत मासे धरणाऱ्यांना एका बाईचा मृतदेह दिसला. पुढच्या काही दिवसांत आणखी तीन मृतदेह सापडले, आणि २४ तारखेला तीन लहान मुलांचे. नवरा-बायको, मुलगी, जावई, तीन नातवंडं : एका घरातले सात. मूळ मराठवाड्यातलं हे कुटुंब पोटासाठी नगर जिल्ह्यातल्या निघोजला राहत होतं. पारगावात त्यांना ओळखणार कोण?

सुरुवातीला आत्महत्येची गोष्ट तयार झाली. घरातल्या मुलाने एका बाईला नेलं, त्या लाजेपायी सगळ्यांनी जीव दिला. वर्तमानपत्रांनी ती छापली, आम्ही ती वाचली, हळहळलो. पण जरा विचार करा. मेव्हण्याने कुणाला नेलं म्हणून जावई आपली तीन पोरं घेऊन नदीत उतरतो? ज्या गावात हे घर ओळखीचं होतं, तिथल्या कुठल्याही म्हातारीने हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता. यवत पोलीस आणि पुणे ग्रामीणच्या अधिकाऱ्यांनी तो विचारला, आणि आठवडाभरात विचारला, हे त्यांचं श्रेय. २५ तारखेला मयत कुटुंबप्रमुखाच्याच चुलत भावंडांपैकी पाच जणांना अटक झाली, चार भाऊ आणि एक बहीण. पोलिसांचं म्हणणं असं की, त्यांच्या घरातला एक तरुण मुलगा आधी अपघातात गेला होता आणि त्यामागे या कुटुंबातल्या मुलाचा हात असल्याचा त्यांना संशय होता. आरोप सिद्ध होतात की नाही, हे न्यायालयाचं काम.

मला त्या मधल्या दिवसांचं राहून राहून वाटतं. गावचा माणूस गेला की पन्नास जण शंका काढतात. परगावचा गेला की 'अकस्मात मृत्यू' म्हणून एडी दाखल होते आणि कागद पुढे सरकतो. आणि हा सगळा टापू परगावच्या माणसांवर चालतो. ऊसतोडीला मराठवाडा येतो, गुऱ्हाळावर उत्तर प्रदेश. उसाच्या फडात कुणी कमी झालं, तर ते आधी कुणाच्या लक्षात येईल? मुकादमाच्या, आणि तेही उचल बुडाली म्हणून.

भीमाकाठचे एक पोलीस पाटील माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पारगावच्या प्रकरणानंतर त्यांनी एक वही घातली आहे. हंगाम सुरू झाला की टोळीच्या कोपीवर जायचं आणि नावं उतरवायची. मुकादम सांगतो, "बारा कोयते," म्हणजे बारा जोड्या. तात्या म्हणतात, "कोयते नको, माणसं सांग. पोरंबी सांग." गुऱ्हाळांवरही तसंच. गुऱ्हाळवाल्यांना हे आवडत नाही. आधार कार्ड मागितलं की कामगार बिथरतात, चालू भट्टी सोडून जातात, अशी त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नाही. ठाण्याच्या वहीत नाव गेलं की गरिबाला घाम फुटतो, त्याला कारणं आहेत. तात्यांनी त्यावर तोड काढली. आधार मागणं सोडून दिलं. आता ते दोनच गोष्टी लिहून घेतात : गावाचं नाव, आणि घरी फोन उचलणाऱ्या एखाद्याचा नंबर. नंबर खरा आहे का, हे समोरच लावून बघतात. पलीकडून कुणी हिंदीत बोललं, की मोबाइल कामगाराच्या हातात देतात, "बोल बाबा तूच, मला काय कळंना."