जर्मन बचतीची खतावणी

जर्मन भाषेत अपराधाला ‘शुल्ड’ म्हणतात आणि कर्जालाही तोच शब्द, केवळ अनेकवचनात. मराठीतील ‘ऋण’ या शब्दाची छटा याहून सौम्य आहे. पितृऋण, गुरुऋण, समाजऋण हे शब्द उच्चारताना माणूस नम्र होतो, अपराधी होत नाही. किंबहुना काही ऋणे फेडू नयेत, त्यांत राहावे, असेही आपण म्हणतो. जर्मन माणसाला मात्र देणे म्हटले की दोष आठवतो. एवढ्या एका शब्दावरून काटकसर हा त्या लोकांचा जन्मजात स्वभाव आहे, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला आहे. बर्लिनच्या जर्मन इतिहास संग्रहालयाने २०१८ मध्ये केवळ बचत या विषयावर एक मोठे प्रदर्शन भरवले आणि त्याच्या शीर्षकातच बचतीला ‘जर्मन सद्गुण’ म्हटले. परंतु इतिहास पाहिला, तर हा गुण रक्तातून आलेला नसून शिकवला गेलेला दिसतो, आणि त्याची किंमतही जबर मोजावी लागलेली दिसते.

शिकवणीचा आरंभ हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरात झाला. तेथील प्रतिष्ठित नागरिकांच्या पुढाकाराने १७७८ मध्ये एक बचतपेढी निघाली. ती घरकाम करणारे नोकर, रोजंदार मजूर आणि खलाशी यांच्यासाठी होती. त्यांनी चार पैसे शिल्लक टाकावेत आणि म्हातारपणी शहराच्या दानधर्मावर अवलंबून राहू नये, हा हेतू होता. त्यात करुणा होती, तसा हिशेबही होता. गरिबांच्या पोषणाचा भार अखेर शहरावरच पडत असे. १८०१ मध्ये ग्योटिंगेन येथे नगरपालिकेची पहिली बचतपेढी उभी राहिली, आणि १८३८ मध्ये प्रशियाने अशा पेढ्यांसाठी नियमावली केली. ‘श्पारकासे’ या नावाने त्या आजही चालतात. त्यांची संख्या साडेतीनशेच्या आसपास आहे. त्यांना भागधारक नाहीत. मागे गाव किंवा जिल्हा उभा असतो, आणि प्रत्येकीने आपल्याच टापूत व्यवहार करावा, असा दंडक आहे. एका गावची ठेव त्याच गावच्या सुताराला, बेकरीवाल्याला, छोट्या कारखानदाराला कर्जरूपाने मिळावी, हे त्यामागचे तत्त्व. जर्मनीचा मध्यम उद्योग पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांच्या हाती टिकला, त्याला या रचनेचा मोठा आधार आहे.

दुसरी शिकवण खेड्यातून आली. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात वायरबुश येथील तरुण नगराध्यक्ष फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन याने सधनांकडून निधी जमवून गरिबांना धान्य व भाकरी उधारीवर पुरवली. पुढे त्याच्या ध्यानात आले की श्रीमंतांच्या औदार्यावर चालणारी संस्था त्यांचा उत्साह ओसरला की बसते. म्हणून १८६४ मध्ये हेड्डेसडोर्फ येथे त्याने कर्ज घेणाऱ्यांनाच सभासद केले आणि जबाबदारी अमर्याद ठेवली. एकाने बुडवले तर उरलेल्यांच्या घरादारापर्यंत झळ पोहोचणार. अशा मंडळीत कर्ज मागणारा कसा आहे, हे वेगळे तपासावे लागत नाही. शेजाऱ्याला सर्व ठाऊक असते. डेलिच या गावी शुल्झ या कायदेपंडिताने १८५० मध्येच कारागिरांसाठी अशीच पतपेढी काढली होती. मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ या काळात अहवाल दिला, आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचेच तत्त्व आले. महाराष्ट्रातील पतसंस्थांची वंशावळ लिहायची झाली, तर तिचे एक मूळ ऱ्हाइन नदीजवळच्या त्या खेड्यांत सापडते.

येथवर ही कथा बोधकथेसारखी वाटते. पुढे तसे राहिले नाही.

पहिले महायुद्ध जर्मनीने मुख्यतः करांवर नव्हे, तर कर्जावर लढले. नऊ वेळा युद्धरोखे काढण्यात आले. शिक्षक, विधवा, निवृत्त कारकून यांनी देशभक्ती आणि निश्चित व्याज या दोन्ही कारणांनी ते घेतले. शाळांतील मुलांचीही नाणी त्यात गेली. युद्ध हरले. मग नुकसानभरपाईचा बोजा, १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स व बेल्जियमने घेतलेला रुहर खोऱ्याचा ताबा, आणि तेथील संपकऱ्यांना पोसण्यासाठी अखंड छापलेल्या नोटा. १९१४ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२० मार्क पडत. १९२३ च्या नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. १५ नोव्हेंबरला नवे ‘रेंटेनमार्क’ आले, तेव्हा सरकारचे १५४ अब्ज मार्कांचे अंतर्गत युद्धकर्ज जुन्या हिशेबाने अवघ्या १५.४ फेनिगचे उरले होते. एका मार्काचे शंभर फेनिग. म्हणजे ज्या देशात कर्ज म्हणजे अपराध, तेथे सर्वांत मोठा ऋणको एक पैही बुडवल्याची नोंद न होता मोकळा झाला, आणि बुडाला तो धनको. उलट कर्ज काढून कारखाने आणि खाणी विकत घेणारे ह्यूगो श्टिनेससारखे उद्योगपती गबर झाले.

खरे तर यानंतर जर्मन माणसाने बचतीला रामराम ठोकायला हवा होता. पण घडले उलट. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, जागतिक बचत दिन सुरू झाला आणि जर्मनीइतका तो क्वचितच कोठे मनोभावे साजरा झाला असेल.

त्या सवयीचा नाझी राजवटीने करून घेतलेला उपयोग हे या खतावणीतील सर्वांत काळे पान होय. आठवड्याला किमान पाच मार्क भरा, पुस्तिकेत तिकिटे चिकटवा आणि ९९० मार्कांत मोटार मिळवा, अशी योजना १९३८ मध्ये निघाली. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. एकालाही मोटार मिळाली नाही; कारखाना युद्धाची वाहने बनवू लागला. युद्धासाठी या वेळी रोखे विकण्याची गरजही पडली नाही. लोकांनी पैसे बचतपेढीत ठेवायचे आणि पेढीने ते सरकारी कर्जात गुंतवायचे, इतकी ती व्यवस्था निःशब्द होती. ठेवीदाराला पासबुकातील आकडा वाढताना दिसे. त्या आकड्यामागे तोफा उभ्या होत्या, हे पासबुकात लिहिलेले नसे.

ज्यू कुटुंबांच्या बाबतीत तर हिशेबाची शिस्तच शस्त्र झाली. १९३८ च्या एप्रिलमध्ये पाच हजार मार्कांवरील प्रत्येक मालमत्तेची नोंद त्यांना सक्तीची करण्यात आली. नोव्हेंबरात त्यांची दुकाने फोडण्यात आली. त्यानंतर त्यांच्यावरच एक अब्ज मार्कांचा दंड बसला, विम्याची भरपाई सरकारने जप्त केली आणि फुटलेल्या काचा स्वखर्चाने बसवण्याचा हुकूम निघाला. १ जानेवारी १९३९ पासून किरकोळ व्यापार त्यांना बंद झाला. खाती गोठवण्यात आली. १९४१ च्या नोव्हेंबरातील नियमाने, ज्याला हद्दीबाहेर पाठवले त्याची शिल्लक आपोआप सरकारजमा होऊ लागली. हद्दीबाहेर म्हणजे कोठे, हे आज जगाला ठाऊक आहे. या सगळ्यात दरोडेखोरी थोडी आणि कागदपत्रे फार होती: अर्ज, याद्या, शिक्के, कलमे. व्यापारी घराण्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. वही चोख ठेवणे आणि व्यवहार शुद्ध असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा इतका कठोर पुरावा दुसरीकडे मिळणे कठीण.

२० जून १९४८ रोजी पश्चिम जर्मनीत नवा डॉइश मार्क आला. पगार एकास एक दराने बदलले गेले. शंभर जुन्या मार्कांच्या ठेवीचे मात्र अखेर साडेसहाच नवे मार्क हाती पडले. एकाच पिढीने आयुष्याची शिल्लक दुसऱ्यांदा गमावली. महागाईची जी धास्ती जर्मन राजकारणात पुढे कायम राहिली आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती बँकेला जे स्वातंत्र्य मिळाले, त्यामागे हा अनुभव आहे.

‘शुल्ड’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले ते यानंतर. कोन्राड आडेनाउअर यांच्या सरकारने एकाच काळात दोन वाटाघाटी केल्या. १९५२ मध्ये लक्झेंबर्ग येथे इस्रायलला तीन अब्ज मार्कांची भरपाई देण्याचे ठरले. हे अपराधाचे देणे. १९५३ मध्ये लंडन येथे युद्धापूर्वीच्या व युद्धानंतरच्या बाह्य कर्जांचा निवाडा झाला; हे पैशाचे देणे. या दुसऱ्या करारात धनको देशांनी जवळजवळ निम्मी रक्कम सोडून दिली आणि उरलेल्या रकमेला दीर्घ मुदत दिली. शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० रोजी फेडला गेला. त्याच वर्षी कर्जात बुडालेल्या ग्रीसला जर्मन वृत्तपत्रे काटकसरीचे धडे देत होती. १९५३ ची आठवण त्या वेळी बर्लिनमध्ये फारशी कोणी काढली नाही. अथेन्समध्ये मात्र ती पुष्कळांनी काढली.

२००९ मध्ये जर्मनीने सरकारी कर्जावरील लगाम थेट राज्यघटनेत लिहिला. केंद्राची रचनात्मक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपुरतीच राहावी, असे ठरले. वह्या स्वच्छ राहिल्या. पूल, रूळ आणि शाळा यांवरचा खर्च मागे पडला. ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे ड्रेस्डेन येथील कारोला पुलाचा एक भाग एल्ब नदीत कोसळला. तो गंजलेल्या पोलादामुळे पडला आणि सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण चर्चेला निमित्त मिळाले. घरातील जुनी भिंत दुरुस्त न करता शिल्लक दाखवणे ही बचत की थकबाकी, असा प्रश्न तेथील अर्थतज्ज्ञ बरीच वर्षे विचारत होते. २०२५ च्या मार्चमध्ये संसदेने घटना दुरुस्त केली. संरक्षणखर्चाचा मोठा भाग लगामातून सुटला, आणि रस्ते, रेल्वे व इतर पायाभूत कामांसाठी पाचशे अब्ज युरोंचा कर्जनिधी मंजूर झाला. त्या मतदानात अनुकूल मते देणाऱ्यांत निवडणुकीपूर्वी लगामाचे समर्थन करणारा पक्षही होता.