कर्तव्य कोणाचे?

१९७६ साली, आणीबाणीत, विरोधक तुरुंगात असताना बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन कलमे आणली. ४८-अ अन्वये वने व वन्यजीव यांचे रक्षण हे शासनाचे धोरण ठरले; ५१-अ अन्वये तेच, प्राणिमात्रांविषयीच्या दयाबुद्धीसह, नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. जनता राजवटीने त्या दुरुस्तीतील पुष्कळ भाग रद्द केला. ही कलमे मात्र राखली. ते योग्यच झाले.

प्रश्न आहे तो कर्तव्याचा भार कोणी वाहावयाचा, हा. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. शहरांतून निषेध झाला. त्यातील कळवळा खोटा नव्हता. परंतु दयेची किंमत निषेध करणाऱ्यांना मोजावी लागत नाही. ती मोजतो तो पोटासाठी रानात जाणारा गुराखी आणि शेतमजूर.

१९३० साली याच जिल्ह्यात पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. जंगल लोकांचे, हाच त्याचा अर्थ. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो अर्थ मान्य केला. हक्काबरोबर वन व वन्यजीव रक्षणाचा अधिकारही ग्रामसभेला दिला. हक्काविना लादलेले कर्तव्य ही वेठबिगारच होय. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावी सामूहिक वनहक्काचे दावे हाती घ्यावेत. वाघ वाचेल तो गावाच्या भरवशावरच.