पीएच.डी.ची खरी परीक्षा नेटनंतर

नेटचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. ‘पास झालो, आता अर्ज कुठे करू?’ बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. आनंद होतो, काळजीही वाटते. नेट पास होणे म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

जून 2024 पासून यूजीसीने नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय केली. जेआरएफवाल्यांना मुलाखतीवर प्रवेश. उरलेल्या दोन श्रेणींना नेटचे 70 टक्के आणि मुलाखतीचे 30 टक्के. दर विद्यापीठाची वेगळी परीक्षा, वेगळी फी, वेगळा प्रवास टळावा हा हेतू चांगलाच. पण या दोन श्रेणींचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठाने जाहिरात लांबवली की पोराची मेहनत तिथेच वाया. बार्टीच्या फेलोशिपसाठी तर आधी पीएच.डी.ची नोंदणी लागते. म्हणजे प्रवेश रखडला की पैसाही रखडला.

खरा अडसर मात्र गाइडच्या जागांचा आहे. 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. प्राध्यापक भरती वर्षानुवर्षे रखडली की गाइड घटतात, गाइड घटले की जागा घटतात. मग एका विषयात दोन-तीनच जागा निघतात आणि आरक्षण कागदावर राहते. ‘या वर्षी तुमच्या प्रवर्गाची जागा नाही’ हे उत्तर आमच्या किती पोरांनी ऐकले असेल!

म्हणून आमचे सांगणे असे, की फॉर्म भरण्याआधी गाइड शोधा. कोणत्या गाइडकडे कोण, कोणत्या विषयावर, कधीपासून संशोधन करतो, ही यादी विद्यापीठाने संकेतस्थळावर टाकून दरवर्षी अद्ययावत करायची असते. ती उघडा, गाइडच्या पदानुसार असलेल्या जागांमधून किती भरल्या ते मोजा, गाइडचे दोन लेख वाचा आणि मगच भेटायला जा. यादी नसेल तर माहिती अधिकारात मागा. बाबासाहेबांच्या पदव्या आपण प्रत्येक बॅनरवर छापतो. विहारात एखाद्या रविवारी चार पोरांना बसवून पीएच.डी.ची जाहिरात वाचून दाखवणारे मात्र कमी.

दाखल्याकडेही आजच बघा. 1990 पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती आहेत, पण केंद्रीय विद्यापीठात केंद्राच्या नमुन्यातलाच जातीचा दाखला मागतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तहसीलच्या खेपा घालणारे आम्ही पाहिले आहेत.

राहिले मुलाखतीचे 30 टक्के. जेएनयूच्याच अब्दुल नाफे समितीने 2016 मध्ये लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत आकड्यांनिशी मांडून भेदभावाकडे बोट दाखवले होते. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांनी हे आकडे स्वतःहून दिले, तर भांडायचे कारणच उरणार नाही. तोवर प्रत्येक उमेदवाराने आपले आणि निवड झालेल्यांचे लेखी व मुलाखतीचे गुण वेगवेगळे मागावेत. अर्जाची फी फक्त दहा रुपये आहे.