मांजराचा ओरखडा आणि वैद्याचे कर्तव्य

कुत्रा चावला म्हणजे मनुष्य घाबरून दवाखाना गाठतो. मांजराने ओरबाडले तर हात झटकून कामाला लागतो. नवी मुंबईत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना हा अनुभव नवा नाही. दिवाळे, सारसोळे येथील कोळीवाड्यांत मासळीच्या टोपल्यांभोवती, वाशीच्या घाऊक बाजारात आणि सिडकोच्या वसाहतींतील जिन्यांखाली मांजरांचा वावर नित्याचाच आहे. ओरखडा उठलेला रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा दुसऱ्याच तक्रारीसाठी. हातावरच्या लाल रेघेचा उल्लेख तो जाता जाता करतो आणि ‘काहीतरी लावायला द्या’ एवढेच मागतो. त्या वेळी आपण काय करतो, हा या लेखाचा विषय आहे.

अशा ओरखड्यावर केवळ लेप देऊन रुग्णास घरी पाठविणे हे आयुर्वेदाचे आचरण नसून त्याची उपेक्षा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, तिसऱ्या अध्यायात, जंगम विषाची अधिष्ठाने सांगितली आहेत. ज्यांचे विष दाढा व नखे या दोहोंत असते अशा प्राण्यांची गणना करताना तेथे पहिले नाव मार्जाराचे आहे, श्वानाचे त्यानंतर. सातव्या अध्यायात अलर्कविषाचे वर्णन येते. पाणी पाहून किंवा त्याच्या केवळ स्पर्शाने जो रुग्ण भयभीत होतो, त्याचे ते लक्षण संहिताकारांनी अरिष्टच मानले आहे. आजचा जगभरचा अनुभवही याहून निराळा नाही. लक्षणे प्रकट झाल्यावर रेबीजचा रुग्ण वाचणे ही अत्यंत विरळा गोष्ट होय. म्हणजे जे काही करावयाचे ते लक्षणांपूर्वीच केले पाहिजे.

यावर काही व्यवसायबंधू असे म्हणतात की, त्याच अध्यायात रक्तविस्रावण, तप्त घृताने दाह, पुराणघृत, शरपुंखा व धत्तूर यांचे प्रयोगही दिले आहेत. मग रुग्ण दुसरीकडे का पाठवावा? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. लस ठाऊक नसलेल्या काळात विष पसरण्यापूर्वी ते दंशस्थानीच रोखण्याचा तो प्रयत्न होता. त्यामागचे तत्परतेचे तत्त्व आजही खरे आहे. साधन मात्र बदलले आहे. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी दंशानंतर लस देण्याचा मार्ग दाखविला. उपरोक्त प्रयोगांनी रेबीज टळतो, असे मात्र आजच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही. उलट जखम पिळणे वा डागणे यांमुळे ऊतींना अधिक इजा होते आणि विषाणूचा मज्जातंतूंत प्रवेश सुकर होण्याची भीती असते. हळद, चुना, तिखट, तेल लावण्याच्या घरगुती प्रथांनाही हेच लागू आहे.

रेबीजचा विषाणू लाळेत असतो, मग नखाने तो कसा शिरणार, असेही विचारले जाते. मांजर दिवसभर आपले पंजे चाटत असते आणि चिडल्यावर दात व नखे एकाच वेळी चालविते. शिवाय ओरखडे येतात ते बहुधा बोटांवर, हातावर किंवा मुलांच्या चेहऱ्यावर. या जागी मज्जातंतूंचे जाळे दाट असते, आणि चेहऱ्यापासून मेंदूचे अंतरही थोडे. लक्षणे दिसण्यास सामान्यतः दोन ते तीन महिने लागतात. क्वचित एक आठवडा, तर क्वचित वर्षही. तोपर्यंत ओरखडा रुग्णाच्या स्मरणातूनही गेलेला असतो.

प्रथम कर्तव्य म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुणे. हे आपल्या दवाखान्यातच, घड्याळ लावून व्हावे. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार रक्त न आलेला किरकोळ ओरखडा दुसऱ्या वर्गात मोडतो. त्यास लस पुरते. त्वचा भेदून गेलेला ओरखडा तिसऱ्या वर्गात येतो. त्यास लसीबरोबर जखमेत व तिच्याभोवती रेबीज इम्युनोग्लोब्युलिन देणे आवश्यक असते. स्नायूत देण्याची लस ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी आणि त्वचेत देण्याची ०, ३, ७ व २८ या दिवशी दिली जाते. पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरावयाचा असल्याने रुग्णाची गणना चुकते. पहिली मात्रा एक तारखेस झाली, तर दुसरी चार तारखेस येते. म्हणून सर्व तारखा कागदावर लिहून द्याव्यात. गर्भवतीसही लस वर्ज्य नाही. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्यास ० व ३ या दिवशीच्या दोन मात्रा पुरतात.

मांजर पाळलेले आहे व त्याचे लसीकरण झाले आहे, म्हणून थांबणे योग्य नव्हे. लस त्याच दिवशी सुरू करावी आणि मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे. ते निरोगी राहिल्यास पुढील मात्रांचा निर्णय लस देणाऱ्या डॉक्टरांनी घ्यावा. मांजर भटके असून दिसेनासे झाले, तर मात्रा पूर्ण करण्यावाचून पर्याय नाही. उशीर झाला म्हणूनही लस टाळू नये.

औषध विक्रेत्यांची जबाबदारीही लहान नाही. रुग्ण अनेकदा प्रथम त्यांच्याच दुकानात मलम मागतो. मलम देण्यापूर्वी ‘कशाने लागले?’ एवढा प्रश्न विचारला, तरी एखादा जीव वाचू शकेल. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. गोठलेली वा उष्णतेत राहिलेली लस रुग्णाला केवळ खोटा धीर देते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी भीतीही ग्राहकाच्या मनातून काढावी. ती मेंदूच्या ऊतींपासून बनविलेली लस २००५ पर्यंत आपल्या देशातून बंद झाली. आजची लस दंडात दिली जाते व शासकीय रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधील सर्वेक्षणानुसार देशात दरवर्षी रेबीजने सुमारे ५,७०० मृत्यू होतात, असा अंदाज आहे. प्राणीदंशाच्या सुमारे तीन-चतुर्थांश घटना कुत्र्यांच्या होत्या, आणि दंश झालेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाने लस घेतलीच नव्हती. मांजराला निरुपद्रवी मानणारे रुग्ण या पाचव्या हिश्श्यात सहज जाऊन बसतात.

म्हणून सभासदांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात साबण व पाण्याचा नळ रुग्णास सहज उपलब्ध असावा, आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही मिळतात याची खात्री करून ती माहिती दर्शनी भागी लावावी. साध्य-असाध्यतेचा विवेक हा वैद्याचा पहिला गुण मानला गेला आहे. रुग्णास वेळीच लसीकडे पाठविणारा वैद्य त्या विवेकाचेच पालन करीत असतो.