गाडी शाबूत, प्रवासी जायबंदी

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून खेडोपाडीचा शिक्षक, कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या गाडीच्या भरवशावर घराबाहेर पडत आला आहे. वाहन जितके जड तितका प्रवास निर्धास्त, ही त्याची समजूत मात्र अर्धसत्य आहे. बस एखाद्या मोटारीवर आदळली तर बसच्या वेगात फारसा फरक पडत नाही, हे खरे. परंतु समोर भरलेला ट्रक किंवा पुलाचा कठडा आला, की तो जडपणा प्रवाशाच्या कामी येत नाही.

शाळेत शिकविलेला न्यूटनचा पहिला नियम येथे आठवावा. ब्रेक गाडीला लागतो, आतल्या माणसाला नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी क्षणात थांबली, तरी प्रवासी त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या बाकाच्या लोखंडी दांडीवर आदळतो. हा आघात सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडण्याइतका असतो. वेग निम्मा केला, तर त्यातील ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते.

टक्कर न होताही हाडे मोडतात. आडव्या आलेल्या जनावरासाठी चालकाने करकचून ब्रेक दाबला, तर गाडीला ओरखडाही उठत नाही. पण उभी असलेली वृद्धा खाली कोसळते, फळीवरची पेटी कोणाच्या तरी डोक्यात पडते आणि तिकिटे फाडणारा वाहक दारापर्यंत फेकला जातो. गाडी शाबूत असल्याने अशा प्रसंगाची अपघात म्हणून नोंद होतेच असे नाही.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा मागील आसनावरील पट्ट्याची देशभर चर्चा झाली. ती योग्यच होती. परंतु ज्याला पट्टाच काय, बसावयास जागाही मिळत नाही, त्या प्रवाशाची चर्चा कोणी करावयाची?

उपाय फार खर्चाचे नाहीत. बाकांच्या दांड्यांना जाड रबरी आवरण घालावे, वरच्या फळ्यांना अडसर लावावेत, घाटरस्त्यांवर उभे प्रवासी घेऊ नयेत आणि चालकाला धावपळ करावी लागणार नाही असे वेळापत्रक आखावे. प्रवाशांनीही गाडी थांबण्यापूर्वी दाराकडे धाव घेण्याची सवय सोडावी.

सार्वजनिक वाहनाची सुरक्षितता त्याच्या पत्र्यावर पडलेल्या पोच्यांवरून मोजावयाची नसते. सकाळी घरून निघालेला माणूस संध्याकाळी धडधाकट परतला की नाही, हाच तिचा खरा हिशेब होय.