प्रवेश मिळाला, पुढचे वर्ष?

आपली मुले आता संगणकशास्त्राच्या पदवीला जातात. प्रवेश आरक्षणाने मिळतो. पुढच्या वर्षात कोण जाणार, हे मात्र एटीकेटीचा नियम ठरवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडणाऱ्याला प्रमाणपत्राची सोय आहे. मोठे कौतुक झाले तिचे! अट वाचा: ४० श्रेयांक, शिवाय ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. म्हणजे घरी संगणक नाही म्हणून प्रोग्रॅमिंगमध्ये अडकलेली मुलगी रिकाम्या हातानेच घरी. चौथ्या वर्षी संशोधनाला पहिल्या सहा सत्रांचे ७५ टक्के लागतात. पहिल्या सत्रातली ठेचही तिथे मोजली जाते. नियमात जात कुठेच लिहिलेली नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी किती गळाले, याची प्रवर्गनिहाय आकडेवारी माहिती अधिकारात विद्यापीठाकडे मागा. अर्जाचा मसुदा मी करून देतो.